ऑइल कॅच कॅन बसवूनही इनटेकमध्ये तेल येत राहते: कारण शोधण्याचा क्रम

लक्षणे

ऑइल कॅच कॅन म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या वायूंमधले तेल इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या हवा ओढण्याच्या वाटेत, जाण्याआधी अडवून साठवणारा डबा. असा कॅन बसवलेली मोटार काही महिन्यांनी पुन्हा गॅरेजमध्ये येते, तेव्हा तक्रार साधारणपणे चारपैकी एका प्रकारची असते. पहिल्या प्रकारात कॅन जवळजवळ कोरडा निघतो, पण टर्बोकडून (हवा दाबून इंजिनात पाठवणाऱ्या पंख्याकडून) इंटरकूलरकडे (ती हवा थंड करणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या पाइपच्या सांध्यांवर तेलाची ओल दिसते आणि तिच्यावर धुळीचा काळा थर बसलेला असतो. दुसऱ्या प्रकारात कॅन इतक्या लवकर भरतो की मालक तो रिकामा करून कंटाळतो. तिसऱ्या प्रकारात तेलाचा प्रश्न मागे पडतो आणि वेगळ्याच गोष्टी सुरू होतात: सिग्नलला उभे असताना आयडलिंग वरखाली होते, बॉनेटखालून बारीक शिट्टी ऐकू येते, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी-०१७१ हा, म्हणजे मिश्रणात इंधनाच्या मानाने हवा जास्त झाल्याचा, कोड दिसतो. चौथा प्रकार सर्वांत महाग पडू शकतो. त्यात डिपस्टिक (तेलाची पातळी मोजण्याची पट्टी) आपोआप वर सरकलेली आढळते, टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) कडेने तेल झिरपते किंवा क्रँकच्या (पिस्टनांमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) सीलमधून थेंब पडू लागतात.

पावसाळ्यात मुंबईत आणखी एक लक्षण दिसते. कॅनच्या तळाशी तेलाऐवजी दुधाळ, पिवळट लगदा साचतो आणि तो पाहून हेड गॅस्केट (कूलंट आणि तेल वेगळे ठेवणारे, इंजिनाच्या हेडखालचे पॅकिंग) गेल्याची भीती वाटते. बहुतेक वेळा ती निराधार ठरते, पण नेहमीच नाही. त्याचा विचार पुढे केला आहे.

आपली तक्रार यांपैकी कोणती आहे हे आधी ठरवावे, कारण चारही प्रकारांत कॅनलाच दोष दिला जातो आणि नवा, अधिक महागडा कॅन विकत घेतला जातो. माझ्या पाहण्यात नवा कॅन घेऊन प्रश्न सुटल्याची उदाहरणे फार थोडी आहेत.

कॅन नेमके काय करतो

सिलिंडरमध्ये जळणाऱ्या वायूंचा थोडा अंश पिस्टनच्या रिंगांना चुकवून क्रँककेसमध्ये (क्रँकभोवतीच्या खालच्या कप्प्यात) उतरतो. गॅरेजमध्ये याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. हे वायू बाहेर काढले नाहीत तर आतला दाब वाढून सील गळू लागतात, म्हणून त्यांना वाट द्यावीच लागते. पूर्वीच्या इंजिनांत ती वाट एका नळीने थेट रस्त्यावर उघडत असे. कॅलिफोर्नियात १९६१ च्या मोटारींपासून हे वायू पुन्हा इनटेकमध्ये नेऊन जाळण्याची पद्धत आली आणि पुढे ती सर्वत्र रूढ झाली. वायूंबरोबर तेलाचे सूक्ष्म कण आणि पाण्याची वाफ असते. कॅन या वाटेच्या मध्ये बसतो आणि त्यांतले जमेल तेवढे खाली पाडतो. बॅक कॉम्प्रेशन कमी करणे हे त्याचे काम नाही आणि ते त्याला शक्यही नाही.

ज्या पेट्रोल इंजिनात इंधन इनटेकच्या बाजूला, व्हॉल्व्हच्या मागच्या अंगावर फवारले जाते, त्या साध्या एमपीएफआय इंजिनाला कॅनची गरज जवळजवळ नसते, कारण पेट्रोल व्हॉल्व्ह धुवून काढतच असते. टीएसआय, टी-जीडीआय अशा थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या इंजिनांत ही धुलाई होत नाही आणि तेलाचे कण इनटेक व्हॉल्व्हवर भाजून त्यांचा कार्बन होतो. टर्बो डिझेलमध्ये ईजीआरमधून (धुराचा काही भाग परत इनटेकमध्ये नेणाऱ्या वाटेतून) येणारी काजळी आणि हे तेल मिळून मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) डांबरी थर तयार होतो. या दोन प्रकारच्या इंजिनांत कॅनचा उपयोग आहे. एमपीएफआय गाडीवर कोणी तो बसवून दिला असेल आणि आता कटकट होत असेल, तर तो काढून मूळ होज लावणे हा माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा उपाय आहे.

बिनखर्चाच्या तपासण्या

सुरुवात फडक्यापासून करावी. इंजिन थंड असताना इंटरकूलरच्या पाइपची एक जुबली क्लिप (स्क्रूने आवळायचा पट्टा) सैल करून पाइपचा आतला भाग आणि बाहेरचा सांधा दोन्ही कोरडे पुसावेत, क्लिप पुन्हा नीट आवळावी आणि सुमारे ५०० किलोमीटर गाडी चालवून पुन्हा पाहावे. टर्बो इंजिनाच्या पाइपमध्ये तेलाचा पातळ थर असणे स्वाभाविक आहे. बोटाला तेल लागले म्हणजे बिघाड झाला असे नाही. पाइप तिरका केल्यावर तेल ओघळत असेल किंवा सखल भागात साचलेले दिसत असेल, तरच पुढे जावे. कित्येकदा आतला थर नेहमीइतकाच असतो आणि बाहेरची ओल केवळ सैल क्लिपमुळे किंवा कडक झालेल्या रबरामुळे असते.

त्यानंतर डिपस्टिक. गाडी सपाट जागी उभी असावी, इंजिन गरम करून बंद केल्यावर पाच-दहा मिनिटे थांबावे आणि मग पातळी पाहावी. सोसायटीच्या उतारावर किंवा एक चाक फुटपाथवर चढवून उभ्या केलेल्या गाडीचे माप खरे नसते. पातळी कमाल खुणेच्या वर असेल, तर कॅन लवकर भरण्याचे कारण बहुधा तेच आहे, कारण वर आलेले तेल फिरत्या क्रँकच्या तडाख्यात सापडते, त्याचा फेस होतो आणि वायूंबरोबर कितीतरी जास्त कण वर जातात. ज्या इंजिनाला तीन लिटरच्या आसपास तेल लागते, त्यात साडेतीन लिटरचा डबा ‘उरवून काय करायचे’ म्हणून पूर्ण ओतला जाण्याचा प्रकार फार सर्रास आहे. जास्तीचे तेल काढून पातळी दोन खुणांच्या मधोमध किंवा किंचित वर ठेवावी.

बीएस-६ डिझेल गाडीत पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर अर्थ वेगळा होतो. डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीतली) काजळी जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल फवारते, आणि पश्चिम द्रुतगती महामार्गावरच्या संध्याकाळच्या रहदारीत हे जाळणे मध्येच तुटले की त्यातले काही डिझेल रिंगांवरून उतरून तेलात मिसळते. असे पातळ झालेले तेल थोडे काढून भागत नाही. ते पूर्ण बदलावे लागते आणि अधूनमधून गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग अर्धा तास चालवावी लागते.

एअर फिल्टर पाहायला दोन मिनिटे लागतात आणि तरीही तो विसरला जातो. फिल्टर तुंबला की त्याच्यापुढच्या पाइपमध्ये ओढ वाढते. ब्रीदरचा होज (क्रँककेसमधले वायू इनटेककडे नेणारी नळी) नेमका त्याच पाइपला जोडलेला असल्यामुळे इंजिन हवेऐवजी क्रँककेसमधून तेलाची वाफ अधिक जोराने खेचू लागते. मेट्रोच्या आणि रस्त्यांच्या कामांच्या धुळीत रोज चालणाऱ्या गाडीला पुस्तिकेत दिलेल्या अंतराची वाट न पाहता फिल्टर आधीच बदलणे योग्य ठरते.

कॅनमध्ये निघालेला ऐवज वाचणे

कॅन रिकामा करताना त्यातला ऐवज पारदर्शक बाटलीत घ्यावा, त्यावर तारीख आणि किलोमीटरचा आकडा लिहावा आणि एक रात्र तो स्थिर ठेवावा. तेल, पाणी आणि लगदा वेगळे दिसू लागतात. हजार किलोमीटरला काही चमचे ऐवज मिळत असेल तर कॅन आपले काम करतो आहे. तेवढ्याच अंतरात पेलाभर निव्वळ तेल मिळत असेल, तर तेल येते कोठून हे शोधायला हवे. यातले महत्त्वाचे एका वेळचे माप नसून ते वाढते आहे की स्थिर आहे हे आहे, आणि ते नोंदीशिवाय कळत नाही.

दुधाळ लगदा म्हणजे तेलात घुसळलेले पाणी. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होतेच. पावसाळी दमट हवा आणि पाच-सात किलोमीटरचे तुटक प्रवास यांत तेल पुरेसे तापत नाही आणि ती वाफ आतच थंड होते. कूलंटचा काटा मध्यावर आला म्हणजे तेल तापले असे होत नाही. त्याला बराच जास्त वेळ लागतो. शिवाय कॅन ग्रिलच्या मागे, वाऱ्याच्या झोतात बसवलेला असेल, तर तो इंजिनाहून थंड राहत असल्यामुळे पाणी त्यातच अधिक पडते. ऑइल भरण्याच्या झाकणाखालीही असाच लगदा असेल, पण डिपस्टिकवरचे तेल स्वच्छ असेल आणि कूलंटच्या टाकीवर इंजिन थंड असताना केलेली खूण दोन-तीन आठवडे हलली नसेल, तर काळजीचे कारण नाही. कूलंट कमी होत असेल किंवा डिपस्टिकवरचे तेलही दुधाळ असेल, तर ही तपासणी इथेच थांबवावी. गाडी हिंदमाता किंवा अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यात अडकून गेली असेल आणि त्यानंतर डिपस्टिक दुधाळ दिसत असेल, तर ‘एकदा चालू होते का पाहू’ हा मोह टाळावा; इंजिन फिरवूच नये.

निघालेला ऐवज गटारात ओतू नये. आपली पर्जन्यजलवाहिनी शेवटी समुद्राला मिळते आणि वापरलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. सर्व्हिसच्या वेळी निघणारे तेल गॅरेजमध्ये ज्या पिंपात जमा होते, त्यातच ते द्यावे.

जोडणीतले दोष

माझ्या अनुभवात पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारींचा मोठा वाटा इथे असतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाऊसच्या बाजारात मिळणाऱ्या स्वस्त कॅनचे झाकण उघडून पाहावे. आत नुसती रिकामी जागा असेल, तर वायू एका तोंडातून येऊन दुसऱ्या तोंडातून जसाच्या तसा निघून जातो आणि तेल खाली पडण्याचे काही कारणच उरत नाही. आत आडव्या पट्ट्या किंवा जाळी असायला हवी, म्हणजे वायूला वळणे घेत जावे लागते आणि जड कण पृष्ठभागांवर आदळून खाली येतात. ही उणीव भरून काढण्यासाठी कॅनमध्ये भांडी घासण्याची तारेची घासणी कोंबण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये. ती गंजते, तिचे तुकडे सुटतात आणि इनटेकमधून टर्बोच्या पात्यांवर किंवा सिलिंडरमध्ये पोहोचतात. बारीक स्टेनलेस जाळी घट्ट बसवून, ती सुटणार नाही याची खात्री करूनच वापरावी.

दुसरी गोष्ट तोंडांची दिशा. आत पट्ट्या असलेल्या कॅनला येण्याचे आणि जाण्याचे तोंड ठरलेले असते; ते उलटे जोडले तर गोळा झालेले तेल बाहेर जाणाऱ्या वायूच्या वाटेत येते आणि उचलले जाते. इंजिनाकडून येणारा होज कोणत्या तोंडावर चढवला आहे हे बोटाने मागोवा घेत तपासावे.

होजचे माप मूळ होजपेक्षा लहान नसावे. मूळ वाट १६ मिलिमीटरची असताना कॅनची तोंडे ९ किंवा १० मिलिमीटरची असतील, तर घाट चढताना जेव्हा बॅक कॉम्प्रेशन सर्वांत जास्त असते, तेव्हाच वायू कोंडतो. रोज शहरात चालणारी गाडी बोरघाट चढून लोणावळ्याला गेली आणि आल्यावर क्रँक सील गळू लागले, ही तक्रार आली की मी सर्वांत आधी कॅनच्या तोंडांचा व्यास मोजतो. तेवढेच महत्त्व होजच्या मार्गाला आहे. इंजिनाकडून कॅनकडे होज सतत उतरता असावा. मध्ये झोळ पडला तर त्या खोलगट भागात तेल आणि पाणी साचून वाट बुजते आणि दाब डिपस्टिकच्या नळीतून किंवा सीलमधून मार्ग शोधतो. चौथ्या प्रकारच्या लक्षणांमागे हा झोळ असण्याची शक्यता बरीच असते, आणि तो सरळ करायला एक झिप टाय पुरते.

होज कशाचा आहे हेही पाहावे. साधा सिलिकॉन होज दिसायला देखणा असला तरी तेलाची वाफ त्यातून हळूहळू पाझरते आणि बाहेरून तो चिकट होतो. पाण्याचा पारदर्शक होज गरम होऊन ओढीखाली चपटा होतो. इंधन आणि तेल यांसाठी बनवलेला, आत धाग्याचे वेष्टन असलेला रबरी होज घ्यावा.

तिसऱ्या प्रकारच्या लक्षणांत, म्हणजे शिट्टी, आयडलिंग आणि पी-०१७१ यांत, संशय हवेच्या गळतीवर घ्यावा. काही कॅनवर छोटा ब्रीदर फिल्टर बसवलेला असतो. असा कॅन इनटेकला जोडला की त्या फिल्टरमधून न मोजलेली हवा आत शिरते आणि इंजिनाचे गणित बिघडते. फिल्टर काढून तिथे बूच लावावे. इनटेककडचा होज काढून टाकून फिल्टर तसाच ठेवणे, म्हणजे वायू बॉनेटखाली मोकळा सोडणे, हा यावरचा उपाय नव्हे. पीयूसीत सायलेन्सरमधून येणारा धूरच मोजला जात असल्यामुळे ते तिथे पकडले जात नाही, पण पेट्रोल गाड्यांच्या प्रदूषण नियमांना ते मंजूर नाही आणि एसीतून केबिनमध्ये येणारा तेलकट वास तर घरच्यांना लगेच कळतो.

टर्बो पेट्रोल इंजिनात क्रँककेसमधून निघणाऱ्या वाटा बहुधा दोन असतात. एक पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (क्रँककेसमधले वायू इनटेकमध्ये सोडणाऱ्या झडपेतून) मॅनिफोल्डकडे जाते आणि आयडलिंगला चालते. दुसरी टर्बोच्या आधीच्या पाइपला मिळते आणि टर्बो दाब देत असताना चालते. कॅन पहिल्या वाटेवर बसवला आणि तेल दुसरीतून येत असेल, तर कॅन कोरडा आणि पाइप ओला हे पहिल्या प्रकारचे चित्र तयार होते. दोन्ही होज काढून आतून पाहिले की कोणता ओला आहे ते लगेच कळते.

कॅन काढून पाहणे

इथवर काही सापडले नाही, तर कॅन पूर्ण काढून मूळ होज परत लावावा आणि आठवडाभर गाडी चालवावी. म्हणूनच कॅन बसवताना मूळ होज कापू नये, तो जपून ठेवावा. लक्षणे गेली तर दोष कॅनमध्ये किंवा त्याच्या जोडणीत आहे. कायम राहिली तर इंजिनाच्या बाजूला आहे आणि आता कॅनवर आणखी पैसे घालण्यात अर्थ नाही.

पीसीव्ही आणि हातमोज्याची चाचणी

सुटा निघणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह हलवल्यावर आत खुळखुळला पाहिजे. न खुळखुळणारा व्हॉल्व्ह चिकटलेला आहे आणि तो बदलणे फार खर्चाचे नाही. अलीकडच्या बऱ्याच इंजिनांत मात्र तो टॅपेट कव्हरमध्येच बसवलेला, रबरी पडद्याचा असतो. पडदा फाटला की शिट्टी ऐकू येते आणि चालू इंजिनात ऑइलचे झाकण ओढीमुळे उघडता उघडत नाही. मग बहुतेकदा कव्हरच बदलावे लागते.

दाब पाहण्यासाठी गरम इंजिन आयडलिंगला ठेवून ऑइलचे झाकण काढावे आणि तोंडावर पातळ रबरी हातमोजा रबरबँडने लावावा. बाह्या आवरलेल्या असाव्यात, मोजा बेल्टपासून दूर राहील असे पाहावे आणि तेलाचे शिंतोडे येऊ शकतात म्हणून वाकून आत डोकावू नये. पेट्रोल इंजिनात मोजा किंचित आत ओढला जातो. डिझेलमध्ये तो थोडा हलला तरी चालते. मोजा ताठ फुगून तसाच राहिला, तर एकतर वायूची वाट कुठेतरी बंद आहे किंवा रिंगा झिजून बॅक कॉम्प्रेशन वाढले आहे. वाट मोकळी असल्याची खात्री वर झालेलीच आहे, तेव्हा दुसरी शक्यता गंभीरपणे घ्यावी.

कुठे थांबावे

टर्बोच्या आधीचा पाइप आणि ब्रीदरचे तोंड कोरडे आहे, पण टर्बोनंतरचा पाइप तेलाने भरलेला आहे, असे दिसले तर तेल टर्बोच्या सीलमधून येत आहे आणि घरच्या हत्यारांनी करण्यासारखे काही उरलेले नाही. डिझेल गाडीत हे विशेष धोक्याचे आहे. भरलेल्या कॅनमधून किंवा टर्बोमधून तेल ओघाने इनटेकमध्ये गेले, तर इंजिन त्याच तेलावर बेफाम वेगाने फिरू लागते आणि चावी बंद करूनही थांबत नाही. अशा वेळी मॅन्युअल गाडी वरच्या गिअरमध्ये घालून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडला तर इंजिन बंद पडू शकते; बॉनेट उघडून जवळ उभे राहू नये.

ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला, निळा धूर थांबत नसेल, तेल तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर ठिबकत असेल, कूलंट कमी होत असेल, हातमोजा ताठ फुगत असेल किंवा हजार किलोमीटरला लिटरभर तेल घालावे लागत असेल, तर गाडी चालवत न नेता टो करून न्यावी. वॉरंटीतली गाडी असेल तर पहिल्या लक्षणालाच सर्व्हिस सेंटर गाठावे, कॅन बसवल्याचे लपवू नये आणि मूळ होज सोबत न्यावा.

मेकॅनिककडे नुसते ‘तेल येते’ असे न सांगता बाटल्यांवरच्या नोंदी दाखवाव्यात आणि कॉम्प्रेशनच्या आकड्यांबरोबर हवा भरून केलेली गळती चाचणी मागावी. कॉम्प्रेशनच्या चाचणीत सिलिंडरांमधला फरक पाहायचा असतो. गळतीच्या चाचणीत हवेचा सुसकारा ऑइलच्या तोंडातून ऐकू आला तर रिंगा आणि सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, इतका स्पष्ट निर्णय तिथल्या तिथे मिळतो आणि इंजिन उघडण्याचा खर्च करावा की नाही हे आपल्यालाही समजते. टर्बो बदलण्याचे ठरले, तर त्याला तेल आणणारा आणि तेल परत नेणारा पाइपही साफ करून किंवा बदलून घ्यावा, आणि इंटरकूलर उतरवून त्यात साचलेले तेल काढून टाकल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये.